शंखाचे नाव कोणी, कशावरून ठरवले?

न्यू कॅलेडोनिया बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कुमाक इथे, २९५ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात, पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातले फिलिप बुशे आणि त्यांचे सहकारी यांनी ४२ ठिकाणी समुद्रतळ अक्षरशः चाळून काढला. २००२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या यादीत मृदुकाय प्राण्यांच्या, म्हणजे शंख, शिंपले, समुद्री गोगलगाई आणि त्यांच्या भाऊबंदांच्या, २,७३८ जाती होत्या. भारताच्या सबंध किनाऱ्यासाठी गेली कित्येक वर्षे ३,३७० हा आकडा दिला जातो. कुमाकला प्रवाळ आहे आणि आपला बहुतेक किनारा गढूळ पाण्याचा आहे, त्यामुळे ही तुलना ताणून चालणार नाही. तरीही आपल्या यादीत किती जागा रिकाम्या असाव्यात याचा अंदाज येतो. कुमाकच्या यादीचा तपशील तर एकूण आकड्यापेक्षाही बोलका आहे. ३२ टक्के जाती बेचाळीसपैकी एकाच ठिकाणी मिळाल्या. सुमारे २० टक्के जातींचा एकच नमुना हाती लागला. आणि एकतृतीयांश जाती पूर्ण वाढ झाल्यावरही ४.१ मिलिमीटरहून लहान होत्या. मृदुकाय प्राण्यांच्या दुनियेत दुर्मीळ, बारीक आणि अनोळखी असणे हाच रिवाज आहे. दिवाणखान्यात मांडून ठेवावेत असे देखणे शंख हा त्यातला अपवाद. ओळख पटवण्याची बहुतेक साधने मात्र त्या अपवादासाठीच तयार झाली आहेत. अपरिचित सागरी मृदुकाय प्राण्यांची ओळख पटवणारे संकेतस्थळ उभारायचे, तर या विसंगतीपासूनच विचार सुरू करावा लागतो.

आज काय उपलब्ध आहे ते आधी पाहू, कारण काहीच नाही अशी स्थिती नक्कीच नाही. बेल्जियममधल्या ओस्टेंड इथून चालणारी ‘वर्म्स’ ही सागरी जातींची जागतिक नोंदवही आणि तिच्याशी जोडलेली ‘मोलस्काबेस’ यांनी नावांचा गुंता बराच सोडवला आहे. हा गुंता केवढा होता हे सांगायला लिटोरिना सॅक्सॅटिलिस हा अटलांटिकच्या खडकांवरचा साधा शंख पुरेसा आहे. रंग, आकार आणि जाडी सतत बदलणाऱ्या या एकाच जातीला निरनिराळ्या लोकांनी मिळून ११३ नावे दिली होती. २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार समुद्रातल्या सुमारे २,२६,००० जातींचे वर्णन तोवर झाले होते आणि त्यांना चिकटलेली सुमारे १,७०,००० पर्यायनामे हुडकली गेली होती. त्याच आढाव्याच्या अंदाजाने आणखी ५८,००० ते ७२,००० जाती गोळा होऊन संग्रहालयांच्या बाटल्यांत पडून होत्या, पण त्यांचे वर्णन झालेले नव्हते. नमुना हाती येण्यापासून त्याचे नामकरण होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात असे बुशे यांनी सहकाऱ्यांसह त्याच वर्षी दाखवले. जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीमुळे घरबसल्या वाचता येतात. आय-नॅचरलिस्टवर जगभरचे हौशी लोक छायाचित्रे टाकतात. आपल्याकडे दीपक आपटे यांचे भारतीय शंख-शिंपल्यांवरचे पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९९८ मध्ये काढले, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने सुब्बा राव यांचे काम २००३ मध्ये छापले. मग नवे काय उभारायचे? साध्या कुतूहलापोटी विचारलेला हा प्रश्न खरे तर या विषयावरचा पहिला आक्षेप आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा.

त्याचे उत्तर असे की या साऱ्या साधनांत मधला दुवा नाही. नोंदवही नाव वैध आहे की नाही ते सांगते, पण तुमच्या तळहातावरचा शंख तोच आहे का, याबद्दल ती मुकी असते. जुना ग्रंथ वर्णन देतो, पण त्या वर्णनातली लक्षणे आज पुरेशी मानली जातात का, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. छायाचित्रांच्या भांडारात नाव मिळते, मात्र ते कशावरून दिले याचा पत्ता बहुधा लागत नाही. ओळख पटवणे हा एक निर्णय असतो. त्यामागे पुरावा, युक्तिवाद आणि शंका असतात, आणि आपण त्यातले फक्त शेवटचे वाक्य साठवत आलो आहोत. न्यायालयाचे निकालपत्र कारणांविना नुसत्या निकालापुरते छापले तर पुढचा खटला लढवणाऱ्याला त्याचा काय उपयोग? म्हणून अशा संकेतस्थळाचा मूळ घटक ‘जातीचे पान’ हा न ठेवता ‘नमुन्याची नोंद’ हा ठेवावा, असे माझे म्हणणे आहे. प्रत्येक नोंदीवर ओळख कोणी केली, कधी केली, कोणती लक्षणे पाहिली, कोणत्या ग्रंथाशी किंवा मूळ नमुन्याशी, म्हणजे ज्यावरून जातीचे पहिले वर्णन झाले त्याच्याशी, ताडून पाहिली आणि कुठली जवळची जात कशामुळे वगळली, एवढे लिहिलेले असावे. जातीचे पान अशा नोंदींतून तयार व्हावे आणि नवी नोंद आली की बदलावे. ‘सांगता येत नाही’ हे उत्तरही तिथे सन्मानाने नोंदले जावे.

ही कल्पना हवेतली नाही. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममधले बिल रुडमन यांनी १९९८ मध्ये समुद्री गोगलगाईंसाठी जे संकेतस्थळ सुरू केले, त्याचे महत्त्व चित्रांच्या संख्येत नव्हते. पाणबुड्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांना रुडमन सकारण उत्तरे देत. अमुक जात का वाटते, शंका कुठे आहे, पुढच्या वेळी कोणत्या बाजूने चित्र घ्यावे, हे सगळे त्यात असे. ओळख चुकली असेल तर तेही पुढे नोंदले जाई, आणि आधीचा मजकूर वाचणाऱ्याला मत कसे बदलत गेले ते कळे. २०१० मध्ये त्यात भर पडणे थांबले. त्यानंतर या गोगलगाईंच्या वर्गीकरणात पुष्कळ उलथापालथ झाली, तरी रुडमन यांची उत्तरे निरुपयोगी झाली नाहीत, कारण नाव बदलले तरी निरीक्षण टिकते. मात्र एका माणसाच्या ज्ञानावर आणि वेळेवर उभी राहिलेली गोष्ट त्या माणसाच्या वेळेबरोबर थांबते, हाही त्या प्रयोगाचा धडा आहे.

आता मुंबईचे उदाहरण घेऊ, कारण या प्रश्नाच्या सगळ्या अडचणी तिथे एकत्र भेटतात. १८९३ मध्ये मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीच्या वृत्तांतात जेम्स कॉस्मो मेलव्हिल आणि अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी यांची मुंबईच्या सागरी मृदुकाय प्राण्यांची यादी आली. तिच्यापाठोपाठ ॲबरक्रॉम्बी यांनी मुंबईत गोळा केलेल्या शंख-शिंपल्यांवरून मेलव्हिल यांनी पंचवीस नव्या जातींची वर्णनेही दिली. मेलव्हिल यांचा संग्रह पुढे टॉमलिन यांच्या संग्रहात मिसळला आणि दोन्ही मिळून कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांनी वर्णिलेल्या काही जातींचे मूळ नमुने लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातही आहेत. म्हणजे वरळीच्या किंवा कुलाब्याच्या खडकावर आज सापडलेला चार मिलिमीटरचा शंख त्या पंचवीसपैकी एक आहे का, हे ठरवायला लागणारा पुरावा सात हजार किलोमीटर दूर आहे. वर्णने सूत्रमय लॅटिनमध्ये, चित्रे लहानशी. तेव्हाच्या लेखकांना ज्या लक्षणाची गरज वाटली नाही, उदाहरणार्थ शंखाच्या टोकावरचा पिलाच्या वयातला भाग किंवा जिभेवरच्या दातेरी पट्टीची रचना, त्याचा अशा जुन्या वर्णनांत बहुधा उल्लेखच नसतो. शिवाय मुंबईच्या किनाऱ्याचा केवढा तरी भाग त्यानंतर भरावाखाली गेला. आजच्या अभ्यासकाकडे छापील नाव असते, शंख असतो, आणि दोहोंना जोडणारी दोरी तुटलेली असते.

इथे संकेतस्थळाने करायचे काम अगदी ठोस आहे. मूळ नमुन्याची तीन बाजूंनी, मोजपट्टीसह, काढलेली स्पष्ट छायाचित्रे मागवून घेणे. मूळ वर्णनाचे पान आणि त्याचा सोप्या भाषेतला अर्थ शेजारी देणे. नंतर कोणी ती जात दुसऱ्या जातीत विलीन केली असेल, तर त्याचे कारण नमूद करणे. आणि मग आजचे ताजे नमुने, प्रत्येक आपल्या पुराव्यासकट, त्याखाली लावत जाणे. यातले काहीही बुद्धिमत्तेची कमाल करणारे नाही, पण कंटाळवाणे आहे, आणि अनुदान देणाऱ्या संस्थांना कंटाळवाणी कामे आवडत नाहीत. नवी जात शोधली की बातमी होते. जुन्या पंचवीस जातींची कागदपत्रे नीट लावली तर कोणी ढुंकून पाहत नाही.

कवच नसलेल्या गोगलगाईंची अडचण निराळी. त्यांचे रंग अल्कोहोलमध्ये पडताच उडू लागतात, आणि शंखासारखे मागे राहणारे काही नसते. सर वॉल्टर इलियट यांनी पूर्व किनाऱ्यावर जमवलेल्या अशा प्राण्यांवर ॲल्डर आणि हॅनकॉक यांनी १८६४ मध्ये लिहिले. कलिंगा ऑर्नाटा ही देशी प्रदेशाचे नाव मिरवणारी गोगलगाय त्यातलीच. त्या कामात जिवंत प्राण्यांवरून काढलेल्या रंगीत चित्रांचा मोठा आधार होता. म्हणजे या गटात चित्र हे सजावटीचे साहित्य कधीच नव्हते, तो पुरावाच होता. आज मोबाईल घेऊन ओहोटीला खडकांवर उतरणारी माणसे नेमका हा पुरावा गोळा करत आहेत. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातून शहराच्या किनाऱ्यावर जे नोंदले गेले, त्याने ‘मुंबईच्या घाण पाण्यात काय असणार’ ही समजूत खोटी पाडली. २०२० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरून क्राटेना या प्रजातीच्या दोन नव्या जातींचे वर्णन झाले, तेही शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासून. आपल्या ओहोटीच्या पट्ट्यात अजून नाव न लाभलेले जीव आहेत, ही अटकळ राहिलेली नाही.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप संगणकाचा आहे. छायाचित्र दिले की यंत्र नाव सांगते, रोज सुधारते आहे, मग माणसांनी कारणे लिहीत बसण्याची गरज काय? फुलपाखरांच्या किंवा पक्ष्यांच्या बाबतीत हा आक्षेप बराचसा मान्य करावा लागेल. पण यंत्र शिकते ते नावानिशी साठवलेल्या पुष्कळ चित्रांवरून. कुमाकच्या यादीतल्या दर पाच जातींपैकी एकीचा जिथे एकुलता एक नमुना, तिथे पुष्कळ चित्रे आणायची कुठून? ज्या जातीला नावच नाही ती यंत्राच्या उत्तरपत्रिकेत असूच शकत नाही. मग ते जवळच्या प्रसिद्ध जातीचे नाव सुचवते, हौशी माणूस ते स्वीकारतो, दुसरा दुजोरा देतो, आणि ते चित्र पुढच्या शिक्षणात पुरावा म्हणून शिरते. चूक अशी व्याजासकट वाढते. शिवाय ओळखीचे लक्षण चित्रात दिसतच नसेल, शिंपल्याच्या आतल्या बिजागरीचे दात किंवा स्नायूचा ठसा असेल, तर यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. कोणत्या गटात चित्र पुरते आणि कोणत्या गटात पुरत नाही, हे सांगणे हीच संकेतस्थळाची एक मोठी सेवा ठरेल. यंत्राला हाकलून द्यावे असे मी म्हणत नाही. कुळापर्यंत नेऊन सोडण्याचे काम ते उत्तम करते. पुढची पायरी त्याच्याकडून मागणे हा आपला आळस आहे.

डीएनएचे प्रकरण अधिक नाजूक. ठरावीक जनुकखंड वाचून जाती ओळखण्याची कल्पना २००३ पासून रूढ झाली आणि तिने खरोखरच डोळे उघडले. क्रोमोडोरिस या भडक पट्ट्यांच्या गोगलगाईंवर २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसले की एकाच जातीतले रंग बदलतात आणि वेगळ्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. म्हणजे पाणबुड्यांची पुस्तके ज्या पट्ट्यांवर विसंबून होती ते पट्टेच फितूर निघाले. पण म्हणून डीएनए हा अंतिम न्यायाधीश ठरत नाही. जनुकखंड जुळवायला आधी बरोबर नाव असलेला संदर्भ लागतो. चुकीच्या ओळखीच्या नमुन्याचा जनुकखंड भांडारात गेला की चूक वैज्ञानिक पोशाख घालून वावरू लागते. आणि १८९३ च्या कोरड्या, रिकाम्या कवचातून डीएनए मिळवणे हे दर वेळी जमणारे काम नाही. तेव्हा जनुकखंडाची नोंदही त्याच नियमाने यावी: कोणत्या नमुन्यातून घेतला, तो नमुना कुठे ठेवला आहे, आणि त्याचे नाव कोणी कशावरून ठरवले.

तज्ज्ञांकडून येणारा आक्षेप असा की हौशी लोकांना दार उघडले की कचरा शिरतो. भीती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. युरोपातल्या नव्या जातींच्या वर्णनांपैकी ६० टक्क्यांहून अधिक कामात पगारी वर्गीकरणतज्ज्ञ नसलेल्या माणसांचा हात आहे, असे २०१२ मध्ये दिसून आले. शंखशास्त्राचा तर पायाच हौशींनी घातला. दोष हौशीपणात नसून मतदानात आहे. दोनतृतीयांशाहून अधिक लोक सहमत झाले की ओळख पक्की, हा आय-नॅचरलिस्टचा निकष सर्वपरिचित प्राण्यांसाठी कामचलाऊ ठरतो. अपरिचित प्राण्यांत मात्र पाच अनभिज्ञांचे एकमत एका जाणकाराच्या शंकेपेक्षा जड ठरते. कारणे लिहिण्याची सक्ती केली की हा प्रश्न बराचसा सुटतो. ज्याला कारण देता येत नाही तो आपोआप ‘बहुधा’वर थांबतो. आणि एखाद्या शाळकरी मुलाने अचूक कारण दिले, तर ते प्राध्यापकाच्या नुसत्या नावापेक्षा वर राहते. काही प्राध्यापकांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

इतक्या बारीक जिवांच्या नावांसाठी एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. ऑस्ट्रेलियात डार्विन इथे मार्च १९९९ मध्ये बोटींच्या बंदिस्त गोद्यांमध्ये मिटिलॉप्सिस सॅली हा कॅरिबियन शिंपला आढळला. ओळख वेळेत पटली, तीन गोद्यांची दारे बंद करून क्लोरीन आणि मोरचूद ओतले गेले, आणि पसरण्याआधीच त्याचा बीमोड झाला. हाच शिंपला विशाखापट्टणम आणि मुंबईच्या गोद्यांत त्याआधी कित्येक वर्षांपासून ठाण मांडून आहे. अलीकडे अमेरिका खंडातला मायटेला स्ट्रिगाटा हा शिंपला केरळात कोची आणि अष्टमुडीच्या पाण्यात पसरला, त्याची नोंद २०१९ मध्ये झाली. कोकण-गोव्याच्या खाडीत तो उद्या दिसला, तर शिनाणे काढणाऱ्या बाईच्या नजरेला फरक सर्वांत आधी कळेल, पण तिने तो कुणाला आणि कसा कळवायचा? कायद्याची बाजूही आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ मध्ये मृदुकाय प्राण्यांच्या २४ जाती घातल्या गेल्या. शंखांची पेटी उघडून समोर बसलेल्या वनरक्षकाला त्या चोवीस कोणत्या आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या बिनगुन्ह्याच्या कोणत्या, हे चित्रानिशी सांगणारे मराठी साधन त्याच्या हाती असायला हवे.

सापडण्याच्या जागा जाहीर केल्या तर व्यापारी संग्राहक तिथे पोचतील, हा आक्षेप कवड्या आणि कोनशंखांपुरता रास्त आहे. अशा मोजक्या गटांत नेमकी जागा धूसर ठेवावी आणि ती पाहण्याची मुभा अभ्यासकांना मागणीवरून द्यावी, एवढा उपाय पुरतो. दोन मिलिमीटरच्या शंखावर धाड घालायला कोणी येत नाही. त्याच्या जिवावर उठतात ते भराव, गाळ आणि सांडपाणी. त्यांच्याविरुद्ध दाद मागताना ‘इथे हा जीव राहतो’ हे सांगणारी जागेची नोंद उघड असावी लागते.

भाषेच्या बाबतीत मात्र उत्साहाला लगाम हवा. तिसऱ्या, खुबे, मुळे, शिवल्या ही नावे खाडीगणिक सरकतात, आणि एकाच नावाखाली दोन-तीन जाती बाजारात विकल्या जातात. शास्त्रीय नावाच्या जागी ती बसवणे धोक्याचे. पण शास्त्रीय नावेही स्थिर असतात असे नाही. अष्टमुडीच्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय शाश्वततेचे प्रमाणपत्र मिळाले ते पाफिया मलबारिका या नावाने, आणि आज ती जात प्रोटेपिस गॅलस या नावाखाली धरली जाते. म्हणून देशी नाव हा नोंदीतला स्वतंत्र रकाना असावा, गावासकट आणि सांगणाऱ्याच्या व्यवसायासकट. लक्षणांची वर्णने मराठीत लिहिता येतात. बिजागरी, वेटोळे, तोंडाची कड, दातेरी, खवलेदार असे शब्द आहेतच. दर वेळी संस्कृतातून नवा दगड घडवून आणण्याची आवश्यकता नाही.

राहता राहिला टिकाऊपणाचा प्रश्न, आणि सर्व तांत्रिक प्रश्नांहून तो अवघड आहे. अशी संकेतस्थळे प्रकल्पाच्या पैशावर तीन वर्षे चालतात आणि मग पत्ताच सापडेनासा होतो. नमुने सांभाळणाऱ्या संस्थेच्या दैनंदिन कामात ती बसवली, तरच ती जगतात. नमुन्याच्या बाटलीवरचा क्रमांक आणि संकेतस्थळावरचा क्रमांक एकच असेल, तर संग्रहपालाला दोन कामे करावी लागत नाहीत. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पुण्याचे केंद्र आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांच्यापैकी कोणाकडेही हे जाऊ शकते. अट इतकीच की सर्व नोंदी ठरावीक मुदतीने खुल्या स्वरूपात बाहेर उतरवून ठेवाव्यात, म्हणजे एका संस्थेचा रस आटला तर दुसरीला तिथून पुढे काम सुरू करता येईल. सुरुवात सबंध किनाऱ्याने करू नये. क्राटेना आणि तिच्या जवळच्या कवचहीन गोगलगाई, गोद्यांतले परके शिंपले आणि कायद्यातल्या चोवीस जाती एवढे तीन गट घेतले, तर छायाचित्र पुरणारे, छायाचित्र न पुरणारे आणि तातडीचे असे तिन्ही प्रकारचे प्रश्न पहिल्या दोन वर्षांतच समोर येतील, आणि नोंदीचा नमुना कुठे मोडतो ते कळेल.